जिल्हास्तरीय चौकडी

मुलांनो, जरा डोळे मिटा. पूर्ण मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कोण? अर्धे मिटा आणि अशी कल्पना करा, की काल तुम्ही एका तालुक्याच्या गावात झोपलात आणि आज उठलात ते थेट जिल्ह्याच्या ठिकाणी. अंथरूण तेच, गल्ली तीच, चौकात रस्ता अडवून बसणारा वळूही तोच. पण आता तो जिल्ह्याच्या ठिकाणचा वळू. त्याला हाकलायचं तर अर्ज करावा लागेल, असा त्याचा चेहरा.

लातूरचं तसंच झालं होतं. एका ऑगस्टात ते उस्मानाबादेतून वेगळं निघालं आणि स्वतःच जिल्हा झालं. मग काय विचारता! न्हाव्याने पाटी रंगवली, ‘जिल्हा केशकर्तनालय’. भज्यांच्या एका गाड्यावर ‘जिल्हास्तरीय भजी’ असं लिहिलेलं होतं. भजी मात्र पूर्वीइतकीच तेलकट. कचेऱ्या झाल्या पुष्कळ आणि इमारती होत्या थोड्या, म्हणून एका खोलीत दोन-दोन साहेब बसत आणि एकाच शिपायाला दोघेही एकदम हाका मारत.

आता दुसरी कल्पना करा. ही जरा अवघड आहे. पाऊस नाही. गेल्या वर्षी नीट पडला नाही आणि आता उन्हाळा डोक्यावर आलेला. नळ सोडला तर त्यातून हवा येते, आणि तीही गरम. पाणी यायचं ते टँकरने, आणि टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी. म्हणून त्या उन्हाळ्यात लातूरचा माणूस घराबाहेर पडला की हातात काहीतरी भांडं असायचंच. कळशी, घागर, तेलाचा रिकामा डबा. न जाणो, वाटेत टँकर भेटला तर? लग्नाला आलेली मंडळी मांडवाबाहेर एकीकडे चपला काढत आणि दुसरीकडे घागरी मांडत. पुष्कळांचं लक्ष चपलांपेक्षा घागरींकडे जास्त असे.

या लातुरात रुद्राणी नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत होती. तिच्याकडे घरातलं एक महत्त्वाचं काम होतं. टँकरचा भोंगा वाजला, की गल्लीत सगळ्यांच्या आधी पळत जाऊन रांगेत घागर ठेवायची. तिची अव्वा, म्हणजे आई महानंदा, मागून उरलेली भांडी घेऊन यायची. रुद्राणीचा नंबर पहिल्या पाचात नाही असं क्वचितच व्हायचं. तिचे पाय फार वेगवान होते असं नाही. तिचा कान तयार होता. दोन गल्ल्या पलीकडे भोंगा वाजला तरी ती हातातली भाकरी टाकून उठायची.

कान तयार असण्याचं कारण, रुद्राणी व्हायोलिन शिकत होती.

तिला शिकवायचे गुरुपादप्पा मास्तर. राहायचे उदगीरला, दर शनिवारी एसटीने लातूरला यायचे. तरुणपणी सीमेपलीकडे कर्नाटकात जाऊन ते शास्त्रशुद्ध व्हायोलिन शिकून आले होते. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं आणि मग जगात काहीही होवो, राग संपल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्यांची रीत. बोलणं कमी. फार झालं की “साकु” म्हणायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. रुद्राणीने पहिली दोन वर्षं मास्तरांच्या तोंडून त्याच्याशिवाय दुसरा शब्द फारसा ऐकला नव्हता.

कोरड्या हवेत व्हायोलिनचं लाकूड तडकतं, सांधे सुटतात. म्हणून मास्तरांनी सांगितलं होतं, पेटीत रोज एक ओलं फडकं ठेवायचं. महानंदाने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“पोरीला तोंड धुवायला पाणी न्हाई, आन् फिडलीला रोज आंघोळ!”

“आंघोळ न्हाई बाई, नुसतं वल्लं फडकं.”

“मग मास्तर, आमी बी आजपास्नं नुसतं वल्लं फडकंच. जिल्हा झालाय न्हवं!”

पण फडकं महानंदा रोज ठेवायची. एक दिवस चुकली नाही.

आता एक वाद्य आणि एक मास्तर यांची चौकडी कशी झाली, ते सांगतो. बार्शी रस्त्यावर गावाबाहेर चंद्रप्पा सुतारांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक करवत, एक रंधा आणि पुष्कळ भुसा. रुद्राणीच्या व्हायोलिनची खुंटी सैल झाली, ती बसवायला मास्तर तिथे गेले. चंद्रप्पांनी व्हायोलिन उलटंपालटं करून पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं, हुंगूनही पाहिलं.

“मास्तर, ह्याच्यात मोठं नसतंय का? माणसाएवढं?”

मास्तरांनी एका जुन्या मासिकात चित्र पाहिलं होतं. विलायतेत दोन व्हायोलिनं, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो, अशी चार तारवाद्यांची बैठक असते. त्यांनी चित्र दाखवलं. चंद्रप्पांनी चित्र खिशात घातलं आणि तीन महिन्यांनी शिसवीच्या फळ्यांचं एक अवाढव्य वाद्य उभं केलं. चित्रात मापं दिलेली नव्हती, म्हणून ते खऱ्या चेलोपेक्षा वीतभर रुंद झालं होतं. त्याला ते मोठी फिडल म्हणायचे. गजाला घोड्याचे केस लागतात, म्हणून निवृत्ती घोडेवाल्याच्या वरातीच्या घोडीचं शेपूट एका आठवड्यात निम्मं झालं. निवृत्ती भांडायला आला तेव्हा चंद्रप्पा शांतपणे म्हणाले, “दुष्काळ हाय बाबा. सगळंच कमी झालंय.”

वाजवायला कोण शिकवणार? कुणी नाही. चंद्रप्पांनी आयुष्यभर करवत ओढली होती, तसाच ते गज ओढायचे. आवाज असा निघायचा, की समोरच्या चिंचेवरचे कावळे उडून जायचे. पण ताल पक्का. करवत आणि ताल या दोन गोष्टींत चंद्रप्पा कधी चुकत नसत.

चौथा होता किशन. मूळचा भोकरचा, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होता. दर आठवड्याच्या सुट्टीत लातूरला मावशीकडे यायचा. केस मानेपर्यंत. नांदेडच्या एका बँडवाल्याने अडगळीत टाकलेला व्हायोला त्याने मागून आणला होता, आणि वसतिगृहातल्या मित्राच्या टेपरेकॉर्डरवर रॉक नावाचं संगीत ऐकून ऐकून तो वेडा झाला होता. त्याने ती कॅसेट एका शनिवारी कारखान्यात लावली. मास्तरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“हे लोक भांडून राहिलेत का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई मास्तर, गाऊन राहिलेत.”

“तालात भांडून राहिलेत,” चंद्रप्पा म्हणाले. “लई झकास.”

तिथून पुढे दर शनिवारी कारखान्यात युद्ध. किशनला सगळ्यांनी उभं राहून वाजवायला हवं होतं. मास्तर मांडी सोडायला तयार नव्हते. शेवटी चंद्रप्पांनी त्यांच्यासाठी एक उंच चौरंग केला. मास्तर त्यावर बसले की त्यांचं डोकं उभ्या असलेल्यांच्या बरोबरीने यायचं. किशन म्हणाला, “आता फक्त मोदक पाहिजेत.” मास्तर हसले नाहीत. पण पुढच्या शनिवारी चौरंगावर अंथरायला घरून सतरंजी घेऊन आले.

किशनने सगळ्यांना गज तारेवर आपटून खच-खच-खच असा ठेका धरायला शिकवलं. मास्तरांनी सगळ्यांना हंसध्वनी राग शिकवला. महिनाभरात असं झालं, की मास्तर वर हंसध्वनीचे आलाप घ्यायचे आणि खालून तिघं मिळून कडबा तोडल्यासारखा ठेका लावायचे. ऐकायला ते कसं वाटायचं? बघा, पुरणपोळीबरोबर ठेचा खाल्ला तर कसं लागेल? आधी चेहरा वाकडा होईल, मग तुम्ही दुसरी पोळी मागाल.

एक अडचण उरली. सुरुवात कशी करायची?

“पहिल्या सुराला माणूस खुर्चीतून उडाला पाहिजे,” किशन म्हणाला. “रॉकमधी तसंच असतंय.”

“आधी सा लावायचा. शांत,” मास्तर म्हणाले.

दोघांचं दोन शनिवार जमेना. तिसऱ्या शनिवारी रुद्राणी हळूच म्हणाली, “मी एक आणलंय.” तिने चंद्रप्पांना सांगितलं, “मामा, तुमी खालचा सा जोरात धरा.” मग दोघांनी मिळून तो सा वर ओढत ओढत पंचमापर्यंत नेला आणि तिथे दाबून धरला. दोनच सूर. पण पत्रा थरथरला आणि भुसा उडाला.

किशनने टाळी वाजवली. मास्तरांनी मान तिरकी केली.

“पंचम जरा उतरलेला लागतोय.”

“तो तसाच हाय मास्तर.”

“तसाच म्हंजे?”

“म्हंजे... मला तसाच ऐकू येतोय.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आजवर तिने त्यांच्या मागून मागून वाजवलं होतं. त्यांनी एक तान घ्यायची, तिने तीच परत वाजवायची. स्वतःच्या डोक्यातून तिने काही आणलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मास्तर “साकु” म्हणाले नाहीत. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. रुद्राणीला त्या दिवशी घरी जाताना टँकर भेटला आणि तिचा नंबर तिसावा लागला, कारण तिचं लक्षच नव्हतं.

इकडे नव्या जिल्ह्याला एक सांस्कृतिक समिती मिळाली होती आणि समितीला एक सचिव, भीमाशंकरराव. त्यांना जिल्हास्तरीय काहीतरी हवंच होतं. त्यांनी चौकडीबद्दल ऐकलं आणि मे महिन्यातल्या समारंभात एक कार्यक्रम ठरवून टाकला. वेळ सकाळची अकराची, एका शाळेच्या पत्र्याच्या सभागृहात, मोठ्या साहेबांच्या उपस्थितीत.

बातमी मास्तरांना उदगीरला कळली. मग शनिवारी आले आणि चौरंगावर बसून म्हणाले, “माझे गुरू असते तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. हंसध्वनीला खच-खच लावतोय मी. तरी वाजवीन. पण एक अट. आपलं वाजवणं बारा मिनिटांचं हाय. त्यात एक माणूस जरी मधनं उठला, तर समजायचं की हे लोकांना नको हाय. मग ही चौकडी बंद. मी उदगीरला, किशन विष्णुपुरीला, आन् तू रुद्राणी, परत पहिल्यापास्नं अलंकार घोटायचे.”

“आन् माझी फिडल?” चंद्रप्पांनी विचारलं.

“तिचं कपाट करा.”

चंद्रप्पांना ते फार लागलं. पण अटीला सगळे हो म्हणाले. रुद्राणी सगळ्यात शेवटी म्हणाली. तिला परत मागून मागून वाजवायचं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरून गेलं. चारशे माणसं. बाहेर एका भिंतीला चपला आणि दुसऱ्या भिंतीला घागरी, कळश्या, डबे, अगदी ओळीने. आत सत्कार सुरू झाले. समितीने साहेबांचा केला, साहेबांनी समितीचा केला, मग समितीने समितीचा केला. मेच्या उकाड्यात प्रत्येकाला शाल. पहिल्या रांगेतले मडिवाळप्पा दुसऱ्या शालीलाच झोपी गेले.

मग भीमाशंकरराव माइकसमोर आले. “विलायतेत अशा चौकड्या असतात. तिकडे म्हणे जिल्ह्याजिल्ह्याला असतात. आपला जिल्हा मागे का राहावा?”

“आपल्यात बी चौकडी हाय की,” मागून कुणीतरी ओरडलं. “समितीतच हाय!”

लोक खदखदले. पडदा सरकला. चौरंगावर मास्तर, मोठ्या फिडलीमागे अर्धे दिसणारे चंद्रप्पा, केस विंचरलेला किशन आणि निळ्या परकरात रुद्राणी. तिसऱ्या रांगेत महानंदा शेजारणीला सांगत होती, “ती निळी. माझी.”

मास्तरांनी मान हलवली. रुद्राणीने चंद्रप्पांकडे पाहिलं. दोघांनी गज टेकवले आणि तो खालचा सा धरला. जाड, घोगरा. तो वर ओढला, ओढला, आणि किंचित उतरलेल्या पंचमावर नेऊन दाबला.



मग शेवटच्या रांगेतल्या सगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

“आला गं बाई!”

आणि मुलांनो, चारशे माणसं एकदम उठली.

रुद्राणीच्या हातातला गज तसाच राहिला. तेव्हा तिला कळलं. तो उतरलेला पंचम, ते घसरत वर जाणं, ते शेवटी दाबून धरणं. तिने डोक्यातून आणलं होतं खरं. पण डोक्यात ते आलं कुठून होतं? रोज ज्याच्यासाठी ती भाकरी टाकून पळायची, तो टँकरचा भोंगा होता तो. जसाच्या तसा. कारखाना गावाबाहेर, तिथे टँकर जायचाच नाही. चंद्रप्पांची स्वतःची विहीर. किशनच्या विष्णुपुरीला धरण, आणि मावशीचं घर कारखान्याला लागून. मास्तर उदगीरचे. हा भोंगा ओळखणारं कारखान्यात एकटं कुणी असेल तर ती रुद्राणी, आणि तिनेच तो ओळखला नव्हता.

खुर्च्या पडल्या. शाली तुडवल्या गेल्या. दारात घागरींचा खणखणाट झाला. साहेबांचा ड्रायव्हर मोटारीतला डबा घेऊन धावला. साहेबांच्या बंगल्यातही तीन दिवस पाणी नव्हतं; त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि समईशेजारचा तांब्या उचलला. महानंदा दारापर्यंत पोचली, तिथे थबकली, मागे वळून स्टेजकडे पाहिलं आणि ओरडली, “रुद्रे, तू वाजव! मी नंबर धरते!”

दोन मिनिटांत सभागृह रिकामं. फक्त पंखे फिरत होते.

“साकु,” मास्तर म्हणाले आणि व्हायोलिन पेटीत ठेवू लागले.

“मास्तर, एक जण ऱ्हायलाय की,” किशनने पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं.

“तो झोपलाय.”

“उठला तर न्हाई!”

मास्तरांनी पेटीची कडी लावली. “अट म्हंजे अट. बाराला उदगीरची गाडी हाय.”

रुद्राणी चौरंगाजवळ आली.  “मास्तर, चूक माझी हाय. तो सूर टँकरचा हाय. आमच्या गल्लीतल्या. मला ठावंच नव्हतं. आईच्यान.”

मास्तरांचा हात कडीवर थांबला.

“टँकरचा?”

“हाव.”

“म्हणून तो पंचम उतरलेला.”

“हाव.”

मास्तरांनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाले, “चाळीस वर्षं वाजवून राहिलोय मी. माझ्या सुरावर लोक डुलले. झोपले. दोन येळा रडले बी. पण सूर इतका खरा की माणूस घागर घेऊन पळावं, असं मला कधी जमलं न्हाई.” त्यांनी टोपी नीट केली आणि ते चौरंगावरून उतरले. “पण लोक उठले. अट मोडली.”

“पण कार्यक्रम झालाच कुठं? दोनच सूर झाले.”

“लोक कुठं हायेत, ज्यांच्यापुढं बाकीचं वाजवू?”

 रुद्राणी दाराकडे गेली आणि तिने बाहेर पाहिलं.

बाहेर रणरणत्या उन्हात रांग लागली होती. टँकर नव्हता, पण रांग होती. शाळेच्या फाटकापासून ती औशाच्या रस्त्याकडे वळली होती. आणि ती वाढत होती, कारण रस्त्याने जाणाऱ्याला वाटत होतं, एवढी माणसं उभी आहेत म्हणजे टँकर येणारच. कुणी म्हणत होतं, तो पंक्चर झालाय. कुणी म्हणत होतं, ड्रायव्हर चहा पितोय, मी स्वतः बघितलं. साहेब तांब्या घेऊन पुढे घुसायला गेले, तर सगुणाबाईंनी त्यांना अडवलं.

“मागं, मागं. लायनीत.”

“अहो बाई, मी कोण आहे माहीत आहे का?”

“छप्पन्नावा.”

भीमाशंकरराव माइकवरून आतून विनवत होते, “श्रोत्यांनी कृपया आसनस्थ व्हावे.” कुणी मान वळवत नव्हतं. जो हलेल त्याचा नंबर मागचा घेणार, हे तिथे तान्ह्या बाळालाही कळत होतं.

रुद्राणी पायरीवर उभी राहिली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाली, “टँकर आलेला न्हाई! तो आवाज आमी काढला! घरी जा!”

रांग तिच्याकडे बघत राहिली. मग निवृत्ती घोडेवाला हसला.

“हाव, तू सांगशील आन् आमी नंबर सोडू! तुझी अव्वा साठावी उभी हाय, मला काय दिसत न्हाई व्हय?”

“खरंच सांगून राहिले काका!”

“मागल्या येळी माझ्या घोडीचं शेपूट घेऊन गेले. आता नंबर बी पायजे?”

महानंदाने रांगेतूनच डोळे वटारले. “रुद्रे, गप बैस. खरं असलं तरी गप बैस.”

रुद्राणी आत धावली. व्हायोलिन आणि गज तिने बगलेत धरले आणि रिकामा चौरंग दोन्ही हातांनी उचलला. “मामा, फिडल घ्या. किशनदादा, चला.”

“कुठं?”

“भाईर.”

“उन्हात?” किशन म्हणाला. पण व्हायोला त्याने काखेत मारला होता. चंद्रप्पांनी मोठी फिडल खांद्यावर टाकली, तुळई नेतात तशी. मास्तर पेटी धरून त्यांच्यामागे दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर उभे राहिले. बाराला अजून पंचवीस मिनिटं होती.

फाटकाजवळ, रांगेच्या अगदी मध्यावर, रुद्राणीने चौरंग ठेवला आणि त्यावर चढली. आता सगळ्यांना ती दिसत होती. चंद्रप्पा खाली दगडावर बसले, फिडल गुडघ्यांत धरली.

“ऐका,” ती म्हणाली. “आन् मग सांगा, टँकर का हे.”

दोघांनी सा धरला, वर ओढला, आणि त्या उतरलेल्या पंचमावर नेला.

सगळ्या माना आधी औशाच्या रस्त्याकडे वळल्या. रस्ता मोकळा होता. मग एकेक मान फिडलीकडे वळली.

“आगं भवाने!” सगुणाबाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी शिवी हासडली. साहेबांनी तांब्या पाठीमागे लपवला. निवृत्तीने खाली वाकून आपली कळशी उचलली. त्याच्यामागच्या माणसाने ते पाहिलं आणि तोही आपल्या डब्याकडे वाकला. उंबऱ्यावर मास्तर पेटीच्या कडीवर बोट ठेवून उभे होते. सूर अजून चालू होता, पण गज संपत आला होता. त्याची शेवटची चार बोटं उरली होती.

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं? खाली उतरला असता? माफी मागितली असती? तीही वाईट गोष्ट नाही. पण रुद्राणीने पंचम सोडला नाही. गज संपायच्या आत तिने तो उलटा फिरवला, उतरलेल्या पंचमाला वर उचलून नेमक्या जागी बसवलं, चंद्रप्पांकडे बघून मान हलवली, आणि सभागृहात जो वाजायचाच राहिला होता, तो हंसध्वनीचा तिसरा सूर लावला.